उन्हाला दिसणारी निगेटिव्ह

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे जागतिक सायनोटाइप दिन. त्या दिवशी मोबाइल उघडलात तर नेच्याची पानं, पिसं, लेसचे तुकडे अशा निळ्या छापांची रांग लागलेली असते. दिसतात छान. पण कागदावर पान ठेवून तो उन्हात धरणं हा या विद्येतला पहिलीचा धडा. (अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून ब्रिटनच्या शेवाळांचे असेच छाप काढून पुस्तक केलं, त्यांची गोष्ट वेगळी, त्या वनस्पतींचा अभ्यास करत होत्या.) आजीचा फोटो निळ्यात उतरवायचा म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते.

फोटोला निगेटिव्ह लागते, आणि तीही छापाच्याच मापाची. सायनोटाइपचा लोहक्षारांचा लेप इतका मंद की एन्लार्जरच्या दिव्याला तो दाद देत नाही. त्याला ऊन हवं, आणि उन्हातलंही मुख्यतः अतिनील. म्हणून निगेटिव्ह कागदावर ठेवायची आणि वरून काच दाबायची. फिल्मच्या जमान्यात एवढी मोठी निगेटिव्ह करायला डार्करूममध्ये घाम गाळावा लागे. अमेरिकी छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांनी १९९५ साली ती काँप्युटरवरून कशी काढायची याचं पुस्तकच लिहिलं. तेव्हा त्यासाठी इमेजसेटर लागे. आपल्याकडे छपाईच्या कामासाठी डीटीपीवाले ‘फिल्म काढून आणा’ म्हणत, ती याच यंत्रातून निघायची. आता घरचा इंकजेट आणि एक पारदर्शक शीट पुरते.

पुरते, असं म्हणतात. मी कपाटात पडलेली जुनी ओएचपी शीट प्रिंटरला घातली, तर शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबाने गोळा झाली. इंकजेटची शाई धरून ठेवणारा थर असलेली शीट वेगळी मिळते. ती आणली. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली तेव्हा पदराची चुणी न् चुणी मोजता येत होती. छाप मात्र असा निघाला की सावल्या सगळ्या एकाच निळ्यात बुडाल्या आणि आजीचं कपाळ कोरं करकरीत.

दोष माझ्या डोळ्यांचा होता, आणि तो जुना आहे. विल्यम हर्शेल यांना १८०० साली वर्णपटात तांबड्याच्या अलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटरचा पारा चढताना आढळला. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान विल्हेल्म रिटर यांनी दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिलं. ते तिथल्या अंधारात जांभळ्या प्रकाशापेक्षाही लवकर काळवंडलं. अतिनील सापडलं ते असं, फोटोच्या रसायनालाच आधी दिसलं म्हणून. आणि १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला तो विल्यम यांचे चिरंजीव जॉन हर्शेल यांनी. बापाने एका टोकाचा अदृश्य प्रकाश पकडला, मुलाने दुसऱ्या टोकाचा कामाला लावला. मला ही वंशावळ फार आवडते.

तेव्हा निगेटिव्ह आपल्याला कशी दिसते याला काडीची किंमत नाही. ती उन्हाला कशी दिसते ते बघायचं. शाईचा प्रत्येक रंग अतिनील सारखंच अडवत नाही, म्हणून जाणती माणसं काळी निगेटिव्ह सोडून हिरवट किंवा नारिंगी छापतात. ती हातात घेतली तर फिकी, बिनकामाची वाटते, आणि काम चोख करते.

उन्हाची ही नजर मोजायची रीत अशी: आधी लेप दिलेल्या कागदावर नुसती कोरी शीट ठेवायची आणि किती मिनिटांत निळा सर्वांत गडद होतो ते पट्ट्यापट्ट्यांनी तपासायचं. ती वेळ पक्की. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांचा तक्ता त्याच वेळेत छापायचा, वाळवून स्कॅन करायचा, आणि कुठल्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते पाहून फोटोला उलट दुरुस्तीचा कर्व्ह, म्हणजे छटा कमीजास्त करणारी वक्ररेषा, द्यायचा. परत छापायचं, परत स्कॅन. ऊन आज एक, उद्या एक, म्हणून अनेकजण यूव्ही दिवे वापरतात. आपल्याकडच्या सप्टेंबरात तर ते असलेले बरे.

‘तुमचा कर्व्ह पाठवा ना,’ असं लोक एकमेकांना सर्रास म्हणतात. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर मागण्यातलाच हा प्रकार. प्रिंटर, शाई, कागद, लेप, यातलं काहीही बदललं की कर्व्ह रद्द. सायनोटाइपला चालणारी निगेटिव्ह सॉल्ट प्रिंट या दुसऱ्या जुन्या छापपद्धतीला घातली तर चित्र मिळमिळीत येतं, कारण त्याला कितीतरी अधिक दाट निगेटिव्ह लागते.

यात हाताचं काम कुठे राहिलं, असं नाक मुरडणारेही आहेत. त्यांनी एकदा दुपारभर पायऱ्या मोजाव्यात. आणि पारदर्शक शीटचाच विटाळ असेल, तर सरळ साध्या कागदावर निगेटिव्ह छापा आणि तिला खोबरेल चोळा. कागदाचे तंतू छापात उतरतील, ऊनही जास्त लागेल, पण चित्र येतं. कागदी निगेटिव्हचे जनक टॅल्बट यांच्या काळात तिला मेण लावत, तेही प्रकाश आरपार जावा म्हणूनच.

माझ्या दुसऱ्या छापात कपाळ आलं, पण नथ उजव्या नाकपुडीत गेली. शाईची बाजू लेपाला टेकवायची असते, म्हणून चित्र आधी आरशासारखं उलटून घ्यावं लागतं. ते राहिलं होतं. तिसऱ्यात नथ जागेवर आली. कागद बादलीत बुडवला, पिवळट पाणी सुटलं, आणि काठावरची नक्षी हळूहळू वर आली. गालावरच्या सुरकुत्या अजून सपाट आहेत. आठव्या आणि नवव्या पायरीत फरक दिसत नाही, घोळ तिथेच आहे.