इंग्रजी वाक्यातील विधानपूरक : अध्यापनविषयक काही सूचना

इंग्रजीच्या वह्या तपासताना ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ यासारखी वाक्ये आढळतात. येथे विद्यार्थी निष्काळजी नसतो. ‘क्रियापदाशी क्रियाविशेषण जोडावे’ हा आपणच दिलेला नियम तो प्रामाणिकपणे पाळीत असतो. अशा वेळी नुसती तांबडी रेघ ओढल्यास त्याचा नियमांवरचा विश्वास उडतो. म्हणून चुकीचे कारण समजावून देणे अगत्याचे आहे.

१. कर्त्याचे पूरक : ‘राम राजा झाला’ या वाक्यात ‘झाला’ हे अपूर्णविधान क्रियापद असून ‘राजा’ हे विधानपूरक होय. इंग्रजीतील बी, बिकम, सीम, लुक, टेस्ट, स्मेल ही क्रियापदे अशीच योजिली जातात. त्यांच्यापुढील विशेषण क्रियेची रीत सांगत नाही, तर कर्त्याचे वर्णन करते. आंबा गोड रीतीने काही करीत नाही. आंबाच गोड असतो. म्हणून ‘स्वीट’ हेच रूप योग्य.

२. एकाच क्रियापदाचे दोन उपयोग : ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला, ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द बॉय’ म्हणजे त्याने मुलाकडे रागाने पाहिले. इंग्रजीत क्रियापद एकच, पण मराठीत ‘दिसणे’ व ‘पाहणे’ ही दोन आहेत. ‘टेस्ट’चेही तसेच : ‘लागणे’ आणि ‘चाखणे’. जेथे मराठीत ‘दिसणे’, ‘लागणे’ येते तेथे विशेषण, आणि जेथे ‘पाहणे’, ‘चाखणे’ येते तेथे क्रियाविशेषण, ही कसोटी मुलांना सहज उमगते.

३. कर्माचे पूरक : ‘वी मेड हिम कॅप्टन’ यात ‘हिम’ व ‘कॅप्टन’ एकच व्यक्ती दर्शवितात, म्हणून ‘कॅप्टन’ हे कर्माचे पूरक. ‘वी गेव्ह हिम अ बुक’ यात तो निराळा व पुस्तक निराळे. म्हणून ‘अ बुक’ हे पूरक नव्हे, कर्म होय.

४. मराठीहून भेद : ‘माझे नाव गोपाळ’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, इंग्रजीत ‘इज’ गाळता येत नाही. मराठीत चांगला, चांगली, चांगले अशी रूपे होतात. ‘गुड’ मात्र बदलत नाही. पूरक नाम असल्यास मात्र वचन पाळावे लागते : ‘ही इज अ फार्मर’, ‘दे आर फार्मर्स’.

शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखून अशी जोडवाक्ये प्रथम मराठीत व नंतर इंग्रजीत लिहून घ्यावीत. व्याख्या शेवटी सांगावी. मातृभाषेत जे ज्ञान मुलांपाशी आधीच आहे, त्याच्या आधारे परकी भाषा शिकविल्यास तिचे भय उरत नाही.