सह्यांचे संख्याबळ आणि अर्जाचे सामर्थ्य

सरकारदरबारी अर्ज करून दाद मागण्याची परिपाठी महाराष्ट्राला नवी नाही. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांनी सुमारे ६,००० लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे आणली होती, आणि आपण कोणाच्या वतीने बोलतो याच्या या लेखी पुराव्यामुळेच सभेच्या शब्दाला वजन आले. आज सह्या गोळा करण्याचे तेच काम मोबाइलवर क्षणार्धात होते. परंतु लाखो सह्या जमल्या म्हणून निर्णय बदलतो काय, असा प्रश्न कळकळीने सही करणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही, आणि त्याचे उत्तर केवळ संख्येत शोधू गेल्यास निराशाच पदरी येण्याचा संभव फार.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील पार्लमेंटकडे केलेल्या ऑनलाइन अर्जावर १०,००० सह्या झाल्या म्हणजे सरकार लेखी उत्तर देते, आणि १,००,००० झाल्या म्हणजे त्यावर चर्चा ठेवण्याचा विचार अर्जसमिती करते. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया रद्द करावी, या अर्जावर २०१९ साली ६१ लाखांवर सह्या पडल्या आणि १ एप्रिलला त्याची चर्चाही झाली. तथापि चर्चा म्हणजे निर्णय नव्हे, आणि सार्वमताचा कौल आधीच विरुद्ध गेलेला असल्यामुळे सरकारने ती मागणी अमान्य केली. याच्या उलट, गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल १९५२ साली दोषी ठरवून जी अमानुष वागणूक देण्यात आली तिच्याबद्दल क्षमा मागावी, असा अर्ज २००९ साली पंतप्रधानांकडे गेला, त्यावर सह्या होत्या जेमतेम तीस हजारांच्या घरात, आणि तरीही गॉर्डन ब्राउन यांनी त्याच सप्टेंबरात जाहीर क्षमायाचना केली. कारण मागणी नेमकी होती व ती पुरी करणे सर्वस्वी सरकारच्या हाती होते.

आपल्या लोकसभेचीही अर्जसमिती आहे, पण सभागृहात अर्ज सादर व्हावयाचा तर त्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. खासगी संकेतस्थळावर जमलेल्या सह्यांना उत्तर देण्यास कोणतेही खाते बांधलेले नाही. म्हणून आपल्याकडे खरे महत्त्व आहे ते निर्णयापूर्वी हरकती व सूचना मागविल्या जातात त्या मुदतीला. २०१५ च्या मार्चमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेट सेवांच्या नियमनाविषयी २० प्रश्न विचारले, तेव्हा कार्यकर्त्यांनी क्रमवार उत्तरांचा मसुदा लोकांच्या हाती दिला आणि दहा लाखांवर ईमेल प्राधिकरणाकडे गेले. डिसेंबरात, मजकूर पाहून डेटाचे दर वेगळे आकारू द्यावेत काय, याविषयी पुन्हा मते मागविण्यात आली. त्या वेळी निवडक संकेतस्थळे विनामूल्य देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी फेसबुकने वापरकर्त्यांकरवी एकाच साच्याची लक्षावधी पत्रे धाडविली, परंतु ही पत्रे विचारलेल्या प्रश्नांना उत्तरच देत नाहीत, असे प्राधिकरणाने स्पष्ट बजावले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदमूलक दरांना मनाई करणारा विनियम जारी केला.

यावरून दिसते ते असे, की संख्येने अधिकाऱ्याचे लक्ष वेधले जाते, पण निर्णय फिरतो तो मुदतीत, योग्य दप्तरी आणि मुद्देसूद पोहोचलेल्या म्हणण्याने. ज्या अर्जात निर्णयाचा अधिकार कोणाचा आहे याचा उल्लेखसुद्धा नसतो, त्यावर सही करून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या नागरिकाने आपल्या हक्काचा फार थोडा भाग वापरलेला असतो. आपल्या गावाशी, धंद्याशी वा जीविताशी निगडित असा एखादा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तर तो वाचून, स्वतःच्या अनुभवातील दोनच मुद्दे का होईना, परंतु स्वतःच्या शब्दांत लिहून ज्याने मुदतीपूर्वी पाठविले, त्याने लोकशाहीची अधिक मोलाची सेवा केली, असे मी निःशंकपणे म्हणेन.