अष्ठीलेचा कर्करोग : नाहीशा झालेल्या पेशींचे प्रकरण

एकविसाव्या गुणसूत्रावरील त्या तुटून पुन्हा जुळलेल्या जनुकांची हकीकत या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु सांगलीच्या एका वाचकांनी, पेशाने वकील असल्यामुळेच बहुधा, असा नेमका प्रश्न केला आहे की तो बाजूस सारणे मला प्रशस्त वाटत नाही, सबब ती हकीकतच एक आठवडा तहकूब ठेवतो. त्यांचे म्हणणे असे : अष्ठीला ग्रंथीच्या नलिकांना पेशींचे दोन थर, आतला स्रावपेशींचा व त्याखालचा तळपेशींचा, कर्करोगात खालचा थर नाहीसा होतो, हे तुम्हीच लिहिले, मग जागेवर ज्यांचा मागमूसही उरत नाही, त्यांच्यावर शास्त्रज्ञांनी संशय घ्यावा कशासाठी?

प्रथम स्रावपेशींविरुद्धचा पुरावा पाहू, कारण सकृद्दर्शनी तो भक्कम आहे. सुईने काढलेल्या तुकड्याविषयी विकृतिशास्त्रज्ञास शंका आली, तर तळपेशींनाच तेवढे रंगविणारी द्रव्ये तो वापरतो, पी-६३ हे प्रथिन हुडकणारे द्रव्य त्यांपैकीच एक. आणि नलिकांभोवती रंगाची कड कोठेच उमटली नाही, म्हणजे निदानास बळकटी येते. शिवाय रोगट पेशी पीएसए हे प्रथिन निर्माण करतात आणि पुंसंप्रेरकावर पोसल्या जातात, हे सारे वर्तन स्रावपेशींचेच. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्या साहाय्याने १९४१ साली दाखवून दिले, की वृषणे काढल्याने अथवा स्त्रीसंप्रेरक दिल्याने देहात पसरलेला रोगसुद्धा ओसरतो. १९६६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो याच कामगिरीबद्दल.

हगिन्स यांचे आरंभीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते, आणि त्यांतील एक विलक्षण विसंगती इथे नोंदवल्यावाचून मला राहवत नाही. माणसाखेरीज ज्या थोड्या प्राण्यांना अष्ठीलेचा कर्करोग आपोआप होतो, त्यांत कुत्रा मोडतो. परंतु खच्ची केलेल्या कुत्र्यांत हा रोग कमी नव्हे, उलट अधिक आढळतो, आणि पुंसंप्रेरकाची त्याला फारशी पर्वा नसते. म्हणजे ज्या प्राण्याने माणसाच्या रोगावरील उपचाराची वाट दाखविली, त्याचा स्वतःचा रोग त्या उपचारास जुमानत नाही; कारण तो बहुधा निराळ्याच पेशींतून उगम पावतो.

असो. तळपेशींवर संशय आला तो उंदरांमुळे. नराची वृषणे काढली की बहुतेक स्रावपेशी मरून जातात व ग्रंथी आकसते, तळपेशी मात्र बव्हंशी जागच्या जागी राहतात. पुंसंप्रेरक पुन्हा दिले की ग्रंथी पूर्ववत भरते, आणि हा ओहोटी-भरतीचा खेळ पुनःपुन्हा करता येतो, हे १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स येथील प्रयोगांनी सिद्ध झाले. तेव्हा ग्रंथीची पुनर्रचना करणारी मूलपेशी, आणि पर्यायाने रोगाची जननी, तळाशीच दडलेली असणार, असे अनुमान स्वाभाविकपणे निघाले.

२००९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मायकेल शेन यांच्या गटाने या अनुमानास छेद दिला : खच्चीकरणानंतर तग धरून राहणाऱ्या मोजक्या स्रावपेशींमध्येही ग्रंथी पुन्हा उभारण्याची शक्ती आहे, आणि त्यांतील पीटेन हे जनुक नष्ट केल्यास त्यांच्यापासून कर्करोग उद्भवतो. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ओवेन विटे यांच्या प्रयोगशाळेतून नेमका उलटा निर्वाळा आला, आणि तो उंदराच्या नव्हे, माणसाच्या पेशींवरून. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींच्या निरोगी भागातून दोन्ही थरांच्या पेशी निवडून, त्यांत कर्ककारक जनुके घालून, त्या प्रतिकारशक्तीहीन उंदरांच्या देहात रुजविल्या असता तळपेशींपासून कर्करोग झाला, स्रावपेशींपासून काहीच झाले नाही; आणि वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे मर्म हे की त्या रोगात तळपेशी उरल्याच नव्हत्या. आपल्या वंशजांना स्रावपेशींचे रूप देऊन मूळ पेशी अंतर्धान पावल्या होत्या. अनुपस्थिती हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, तो असा.

तथापि, एखादा गृहस्थ नदी पोहून पार करू शकतो एवढ्यावरून काल रात्री तो पोहूनच आला असे कोणतेही कोर्ट मानणार नाही, आणि माझ्या मते या प्रयोगांची मर्यादा तीच आहे. पेशी काय करू शकते ते त्यांतून कळते. रोग्याच्या देहात तिने काय केले ते कळत नाही. स्रावपेशी नाजूक, शेजाऱ्यांपासून तोडल्या की बहुतेक मरतात. त्यांनी रोग निर्माण केला नाही, यात दोष त्यांच्या अंगच्या असमर्थतेचा किती आणि त्या परीक्षेचा किती? २०१४ साली हान्स क्लेव्हर्स व चार्ल्स सॉयर्स यांच्या गटांनी योग्य पोषक द्रवात माणसाच्या एकेकट्या स्रावपेशीपासूनही चिमुकली ग्रंथी वाढवून दाखविली, तेव्हा तो नकार मला तरी अर्धाअधिक परीक्षेचाच वाटू लागला. त्याआधी, २०१२ साली, पेशींना जागच्या जागी कायमची खूण करून त्यांची वंशावळ तपासणाऱ्या प्रयोगांत असे दिसले होते, की प्रौढ उंदरात दोन्ही थर बहुधा आपापला कुळाचार सांभाळून असतात, आणि पीटेन गमावल्यास दोन्हींतून रोग होतो. फक्त तळपेशीला आधी स्रावपेशीचे रूप घ्यावे लागते.

पत्राच्या शेवटी वकीलसाहेबांनी विचारले आहे, की याने रोग्याच्या उपचारात काही फरक पडतो काय. तूर्त नाही : डॉक्टर ग्लीसनची श्रेणी पाहतात, पीएसएचा आकडा पाहतात, रोग किती पसरला ते पाहतात, उगमाची चौकशी करीत नाहीत. मात्र पुढल्या खेपेची जनुकजोडणी या वादात आडवी येतेच. तिच्यातील एका जनुकाची कळ पुंसंप्रेरकाने दाबली जाते, आणि त्या संप्रेरकाचे ग्राहक तळपेशींत फार थोडे असतात. तेव्हा जोडणी तळपेशीत घडली तरी तिच्या संततीने स्रावपेशीचे रूप घेईपर्यंत ती बहुधा मुकीच राहत असावी.