दोष बॅटरीचा की भरण्याचा?

जुनी पिकअप गाडी सकाळी सुरू झाली नाही, की दोष बॅटरीच्या माथी येतो व नवी बॅटरी आणली जाते. चार दिवसांनी तीही उतरते. पैसा मात्र जातो. असे का व्हावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा, असे आम्हांस वाटते.

बॅटरी ही कणगी होय. तीत वीज भरतो तो अल्टरनेटर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. शेतच पिकले नाही, तर कणगी कोठून भरणार?

प्रथम बॅटरीच्या टोकांवरील क्षार पुसून तारा घट्ट कराव्यात. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत विजेचा दाब मोजावा. सहा कोष मिळून सुमारे १२.६ व्होल्ट भरल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. नंतर, लागल्यास धक्का देऊन, इंजिन सुरू करावे व पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.४ असल्यास भरणा ठीक. तो १२.६ च्या वर चढतच नसेल, तर पट्टा, अल्टरनेटर वा रेग्युलेटर यांत खोट आहे. भरणा ठीक असूनही रात्रीत बॅटरी उतरते, तेव्हा ती जीर्ण झालेली असते किंवा वीज कोठेतरी गळत असते. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत मात्र घातक; तिने अल्टरनेटर जळू शकतो.

मोजल्यावाचून दोष देऊ नये, हा धडा केवळ गाडीपुरता नाही.