खणलेले तळे आणि लाभलेले तळे

इम्प्रेशनिस्ट चित्रे म्हणजे धूसर चित्रे, ही आपल्याकडची एक सोयीची समजूत. खरे तर ही एकाच जागी पुन्हा पुन्हा बसणाऱ्यांची चित्रकला. म्हणूनच चित्रकार राहतो कुठे, याला तिथे महत्त्व येते.

क्लोद मोने १८८३ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी या खेड्यात भाड्याने राहू लागला. १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले आणि १८९३ मध्ये रेल्वेरुळापलीकडे जागा घेऊन तळे खणायला काढले. एप्त नदीच्या फाट्याचे पाणी त्यात वळवायचे होते. शेतकऱ्यांनी हरकत घेतली : ही परकी झाडे पाणी नासवतील. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्यात बसून हे वाचताना मला आधी त्या शेतकऱ्यांचीच बाजू पटते! अखेर परवानगी मिळाली. पुढे कमळांच्या पानांवरची धूळ काढायला माळी होडीतून फिरू लागला. म्हणजे आधी बाग रंगवली, मग कॅनव्हास. कमळांची सुमारे २५० तैलचित्रे त्यातून झाली. शेवटच्या काळात मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसेनात, तरी तळे सुटले नाही.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातात ते कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. दरबारात व्यक्तिचित्रे करून सुखाने राहता आले असते. ते मात्र कोटीतीर्थ तलावाकाठी फकिरासारखे राहिले आणि समोरचे पाणी रंगवीत बसले. त्यांनी तळे खणले नाही, कमळे मागवली नाहीत. प्रहर बदलला की पाणी बदले. तेवढे त्यांना पुरे होते. रंकाळ्यातला संध्यामठही त्यांनी रंगवला. त्यात दगडापेक्षा दगडावरचा उजेड आधी दिसतो. मोन्याचा प्रभाव शोधण्याची घाई इथे करू नये; पाण्याकाठी रोज बसणाऱ्याला ही दृष्टी पाणीच देते.

१९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आख्यायिका किती खरी कोण जाणे; हाती उरलेली चित्रे थोडी, एवढे मात्र खरे. १९३१ मध्ये ते वारले.

मोने १९२६ मध्ये गेला. त्याची बाग पुढे रानासारखी माजली. पण चित्रे होती, छायाचित्रे होती, त्यांच्या आधाराने ती पुन्हा उभी करून १९८० मध्ये लोकांसाठी खुली झाली. कोटीतीर्थ जागेवरच आहे. आबालालांनी ते कसे पाहिले, हे शोधायला मात्र टाउन हॉल संग्रहालयातल्या मोजक्या चित्रांपाशी जावे लागते.