घराआधी पट्टा

पांढुर्णा आणि सौंसर ही मराठी भाषकांची शहरे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिली, आणि २०२३ मध्ये नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली. अशा लहान शहरांत गरिबाच्या घराचा प्रश्न बहुधा पैशाआधी जमिनीपाशी अडतो.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या शहरी गरिबास केंद्राचे दीड लाख रुपये हप्त्याहप्त्याने मिळण्याची सोय झाली. परंतु सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षे झोपडी घालून राहणाऱ्याने आपली जागा कोणती म्हणून दाखवावी? मध्य प्रदेशाने १९८४ मध्येच कायदा करून शहरांतील भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा देण्याची तरतूद केली. पट्टा हाती आला, की अनुदानाची वाट मोकळी होते.

म्हणून वस्तीची काळजीपूर्वक पाहणी होणे हेच पहिले काम होय. नोंद चुकली, तर एक कुटुंब आणखी कित्येक पावसाळे गळक्या छपराखाली काढते. घर उभे राहिल्यावर नळ, गटार, रस्ता व दिवा पुरविणे हे नगरपालिकेचे नित्यकर्तव्यच आहे. त्यावाचून पक्क्या भिंतींच्या दाराशी चिखल तसाच राहतो.