तुरुंगात कोण असतं? मोजणीचा एक धडा

तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षा भोगणारा गुन्हेगार येतो. आधी गुन्हा, मग खटला, मग शिक्षा आणि मग तुरुंग. नागरिकशास्त्राच्या तासालाही आपण साधारण याच क्रमानं सांगतो. प्रत्यक्षात आज भारतातल्या तुरुंगांत जे लोक आहेत, त्यांच्यापैकी दर चारांतल्या तिघांचा खटला अजून संपलेलाच नाही. त्यांना 'कच्चे कैदी' म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनं ते अजून निर्दोषच आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ सालापासून तुरुंगांची सालवार आकडेवारी प्रसिद्ध करतो. ही मोजणी ३१ डिसेंबरची असते. २०२२ सालच्या त्या दिवशी देशातल्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. शिक्षा झालेले, म्हणजे पक्के कैदी, होते १,३३,४१५ आणि कच्चे कैदी ४,३४,३०२. उरलेले थोडे स्थानबद्ध वगैरे. महाराष्ट्रात कच्च्या कैद्यांचं प्रमाण आणखी जास्त, सुमारे ८० टक्के होतं. एकूण कैद्यांत स्त्रिया शंभरांत चार. (अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था असते, ती या मोजणीत धरलेली नाहीत.)

आकडे खरे आहेत. पण त्यांच्यावरून निष्कर्ष काढताना भलेभले घसरतात. कारण तुरुंगातल्या माणसांची मोजणी दोन प्रकारे करता येते. एक, वर्षभर दारात उभं राहून आत येणारा प्रत्येक माणूस मोजायचा. दोन, एखाद्या दिवशी आत जाऊन हजर असलेली सगळी डोकी मोजायची. दोन्ही मोजण्या बरोबर असूनही त्यांतून दिसणारं चित्र अगदी वेगळं असू शकतं.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. एक वाडगं, थोडे हरभरे आणि थोडा राजमा घ्या. प्रत्येक फेरीला वाडग्यात सहा हरभरे आणि एक राजम्याचा दाणा टाकायचा. नियम असा, की हरभरा एकच फेरी आत राहील, पुढची फेरी सुरू होताना सगळे हरभरे बाहेर. राजमा मात्र बारा फेऱ्या राहील. बारा फेऱ्यांनंतर वाडग्यात डोकावून पाहा. आत सहा हरभरे आणि बारा राजमे दिसतील. टाकताना सातात एक राजमा होता, वाडग्यात तिनांत दोन झाले! जो जास्त काळ राहतो, तो एका दिवसाच्या मोजणीत जास्त दिसतो. संख्याशास्त्रात या परिणामाला चांगलं भारदस्त नाव आहे, पण मुलांना राजमा पुरतो.

आता पक्क्या कैद्यांकडे पाहा. त्यांच्यात निम्म्याहून अधिक जण जन्मठेपेचे असतात, बहुतेक खुनाबद्दल. म्हणून देशात निम्मे गुन्हे खुनाचे होतात का? २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. चोरीचे गुन्हे दरवर्षी कित्येक लाखांत असतात. पण चोरीबद्दल आत गेलेला माणूस काही महिन्यांत किंवा वर्षा-दोन वर्षांत सुटतो, जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षं किंवा त्याहून जास्त राहतो. तो आपला राजमा.

या दोन मोजण्यांना जोडणारा एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची रीतसर सिद्धता दिली. आत असलेल्यांची संख्या म्हणजे दर वर्षी येणाऱ्यांची संख्या गुणिले सरासरी मुक्काम (वर्षांत). बँकेतली रांग असो, इस्पितळातल्या खाटा असोत की तुरुंग, आवक-जावक साधारण स्थिर असली की नियम लागू पडतो. कोविडच्या आधीचं २०१९ साल घेऊ. त्या वर्षी सुमारे १९ लाख वेळा तुरुंगाचं दार कोणासाठी तरी उघडलं. (एकच माणूस दोनदा आला असेल तर तो दोनदा मोजला गेला.) वर्षअखेरीस आत होते ४,७८,६००. भागाकार करा, उत्तर येतं साधारण पाव वर्ष, म्हणजे तीन महिने.

ही सरासरी मला फसवी वाटते. बहुसंख्य लोक थोड्या दिवसांत बाहेर पडतात आणि काही थोडे वर्षानुवर्षं राहतात, त्या दोघांची ती मिसळ आहे. खटला न संपता पाच वर्षांहून अधिक काळ आत असलेले कच्चे कैदी २०१९ अखेरीस सुमारे ५ हजार होते. २०२२ अखेरीस ते ११ हजारांवर गेले. एकूण कच्च्या कैद्यांत हे तीन टक्केसुद्धा नाहीत. पण पाच वर्षं राहिलेला एक माणूस, तीन महिने राहून गेलेल्या वीस जणांएवढी जागा वापरतो. आणि त्याच्या आयुष्यातली पाच वर्षं गेली ती वेगळीच. पुढे तो निर्दोष सुटला तरी ती परत मिळत नाहीत.

टक्केवारीचीही एक गंमत पाहण्यासारखी आहे. २०१९ साली कच्च्या कैद्यांचं प्रमाण ६९ टक्के होतं, २०२० साली ते एकदम ७६ झालं. कोविडमुळे न्यायालयांचं काम मंदावलं, निकाल कमी लागले, त्यामुळे कच्चे कैदी पक्के होईनात आणि सुटेनातही. त्यांची संख्या ३,३०,४८७ वरून ३,७१,८४८ वर गेली. त्याच वेळी गर्दी कमी करण्यासाठी अनेक पक्क्या कैद्यांना पॅरोलवर सोडलं. ते १,४४,१२५ होते, १,१२,५८९ उरले. म्हणजे अंश वाढला आणि छेदातला दुसरा भाग घटला. नुसती टक्केवारी ऐकून हे कळत नाही.

कैद्यांच्या शिक्षणाचा तक्ता शिक्षकांनी आवर्जून पाहावा. २०१९च्या मोजणीत शंभरांतले सुमारे २८ कैदी निरक्षर होते आणि आणखी ४२ दहावीच्या आतले. 'शिकला नाही म्हणून गुन्हेगार झाला' असा निष्कर्ष इथे तोंडावर येतो, पण जरा थांबू या. अनुसूचित जातींचं प्रमाण २०११च्या जनगणनेत १६.६ टक्के होतं, तुरुंगात ते वीसच्या वर आहे. यावरून त्या समाजाबद्दल काही सिद्ध होतं का? तुरुंगापर्यंत पोचायला बऱ्याच चाळण्यांतून जावं लागतं. संशय कोणावर घेतला जातो, अटक कोणाला होते, वकील कोणाला परवडतो, जामीन कोणाला मिळतो. प्रत्येक चाळणीला गरीब आणि अशिक्षित माणूस मागे अडकतो. शिवाय अडकला की मुक्काम लांबतो, आणि मुक्काम लांबला की मोजणीत तो पुन्हा जास्त दिसतो. शेवटच्या चाळणीत उरलेल्यांकडे पाहून पहिल्या चाळणीत काय टाकलं होतं ते सांगता येत नाही.

मुक्काम कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशी माणसं आली, की ज्यांच्यावरच्या आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ ती आत होती. लवकर खटला चालणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. २००६पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायला हवं. फाशीची शिक्षा असू शकेल असे गुन्हे मात्र यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत, याआधी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली आहे. पण त्याच कलमात जन्मठेपेचे गुन्हेही वगळले आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. म्हणजे सर्वांत लांब मुक्काम ज्यांचा, त्यांतले बरेच जण नियमाच्या बाहेरच राहतात.

आणि एक गट असाही आहे, की ज्यांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार किंवा पैसे नसल्यानं दार उघडत नाही. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी दिला.